आठवा दिवस आणि हॉलचं बुकिंग

"थोडी कावीळ असली म्हणून काय झालं? आठवा दिवस चुकवायचा नाही!" असं ठणकावणाऱ्या आमच्या बेने इस्राएल नातेवाइकांना आज चार शब्द सुनवायचे आहेत. रागावलात तरी चालेल.

अहो, पिवळ्या पडलेल्या बाळाची सुंता पुढे ढकलावी हे काही आजकालच्या डॉक्टरांचं फॅड नाही. तालमुदमध्येच ते आहे. बाराव्या शतकातला रामबाम, जो स्वतः वैद्य होता, तोही बजावतो की सुंता नंतर करता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही. एकाच आईचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले तर तिसऱ्याची करू नये, हेही तालमुदातच. मग अडतंय कुठे? हॉलच्या बुकिंगवर आणि इस्राएलहून येणाऱ्या आत्याच्या तिकिटावर! मलिदा काय, आठवड्याने खाल्ला तर कडू लागतो?

बरं, एलियाहूच्या खुर्चीचा मान झाला, सुंता झाली, की बाळ आईपाशी द्यावं. ते फोटोंसाठी पन्नास हातांतून फिरतं! जखमेवर हळद नको, पावडर नको. मोहेलने सांगितलं तेवढं व्हॅसलीन आणि सैल लंगोट, बस्स. एक-दोन दिवसांनी पिवळसर साय धरते, तो पू नव्हे, खरवडू नका. मात्र रक्त थांबत नसेल, ताप आला, लघवी अडली, तर कुणा आजीचा (माझासुद्धा) सल्ला घेत बसू नका, तडक डॉक्टर गाठा.