डायल गेज कपाटात, गाडी घाटात

“काय रे, मेकॅनिकलला आहेस ना? मग ब्रेक मारला की स्टिअरिंग का नाचतंय, सांग बघू.”

दिवाळीच्या सुट्टीत घरी पाऊल टाकलं आणि काकांनी बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही. मी आपलं ठोकून दिलं, “व्हील बॅलन्सिंग करून घ्या.” काका शांतपणे म्हणाले, “झालं. दोनदा.”

काकांची पिकअप नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे कल्याणच्या मार्केटला जाते. रात्रीचा घाट, मागे सव्वा टन माल आणि ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थडथड उडतंय. कल्याणला पोचल्याचा फोन येईपर्यंत काकू झोपत नव्हत्या. गॅरेजमध्ये बॅलन्सिंग झालं, टाय रॉड एण्ड बदलले, मग पुढच्या दोन्ही डिस्क काढून लेथवर फेस मारून आणल्या. पंधरा दिवस गाडी गुण्यागोविंदाने चालली आणि पुन्हा थरथर सुरू. “डिस्क वाकलीय,” हे शेवटचं निदान. तोवर दोन खेपांची कमाई गेली होती.

मित्रहो, इथे मला गॅरेजवाल्याची टिंगल करायची नाही. गिऱ्हाईक त्याला पार्टचे पैसे देतं, माप घेण्याचे देत नाही. मग तो मापं कशाला घेईल? प्रश्न आपला आहे. आपण तर मापं घेण्याचंच शिक्षण घेतोय म्हणे!

दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी करून सरळ, मोकळ्या रस्त्यावर नेली. ब्रेक न लावता 70 च्या स्पीडला गाडी एकदम गुळगुळीत. म्हणजे बॅलन्सिंगचा संबंधच नव्हता, ती थरथर ब्रेकची वाट बघत नाही. ब्रेक लावला की स्टिअरिंग हलायचं आणि स्पीड उतरेल तशी थडथडही संथ व्हायची. म्हणजे दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत. (चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर, म्हणजे 70 ला सेकंदाला जवळपास 9 फेरे. अप्लाइड मेकॅनिक्समधलं हे एवढं गणित आयुष्यात पहिल्यांदा कामी आलं.) मग पायाने ब्रेक न लावता हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो. गाडी निमूट थांबली. मागचे ड्रम निर्दोष, आरोपी पुढे.

एक पैसा खर्च न करता अर्धं निदान झालं. आता मोजायचं होतं. आळेफाट्याच्या एका टर्नरकडून मायक्रोमीटर आणि मॅग्नेटिक स्टँडसकट डायल गेज मागून आणला. आणि इथे माझी खरी फजिती झाली. स्टँड लावला, पण प्लंजर किती दाबून ठेवायचा, झिरो कुठे करायचा, काही आठवेना. आठवणार कसं? मेट्रॉलॉजीच्या जर्नलमधली माझी सगळी रीडिंग्ज रूम नंबर 14 च्या सीनियरच्या फाईलमधून आलेली, आणि त्याची त्याच्या सीनियरकडून. शेवटी टर्नरच आला आणि त्याने दोन मिनिटांत लावून दिला. त्याचं शिक्षण सातवी.

आधी चाक हलवून बेअरिंगला प्ले नाही हे बघितलं. मग नट आवळून डिस्क हबवर घट्ट बसवली आणि हाताने फिरवली. काटा 0.18 मिलिमीटर हलला. एवढ्या डिस्कला 0.1 च्या आत असायला हवा. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घेतली, तर जास्तीत जास्त फरक 0.04. डोक्याचा केसही याच्यापेक्षा जाड असतो. पण दोन शतांश मिलिमीटरचा फरकसुद्धा हाताला जाणवतो, कारण दर फेऱ्याला पॅड जाड भागावर जास्त दाबतं, पातळ भागावर कमी.

मग डिस्क काढली आणि चोर सापडला. हबच्या तोंडावर गंजाची पापडी. लेथवर डिस्क सरळ झाली होती, पण ती पुन्हा त्याच गंजावर तिरकी बसवलेली. ब्रेक नसतानाही दर फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला घासत राहतो आणि हळूहळू तिथेच पातळ होतो. रोजची खेप धरली तर पंधरा दिवसांत तीन हजारांच्या वर किलोमीटर होतात. “वाकली” म्हणतात त्यातल्या बऱ्याच डिस्क वाकलेल्या नसतातच. अशा असमान झिजलेल्या असतात, नाहीतर तापलेल्या पॅडचा थर त्यांच्यावर कमीजास्त चिकटलेला असतो.

वायर ब्रश आणि एमरी पेपरने हब चकचकीत केला, दुसऱ्या बाजूचाही. जुन्या डिस्क फेस मारून मारून त्यांच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ आल्या होत्या, म्हणून नव्या घेतल्या, पॅडसुद्धा. पुन्हा डायल गेज: 0.05. नट लांब पाईप घालून नाही, टॉर्क रेंचने समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळले. नवे पॅड बसायला 50 वरून 10 पर्यंत दहा-बारा वेळा बेताचे ब्रेक मारले, पूर्ण न थांबता. काकांनाही सांगितलं, उतारावर दुसऱ्या गिअरला इंजिनवर गाडी रोखा. ते म्हणाले, “हे तू शिकवू नको.” बरोबर आहे.

आता आपल्या लॅबविषयी. साठ पोरं, दोन डायल गेज, दोन तास आणि मोजायला एक गुळगुळीत मॅन्ड्रेल, ज्यात दोष नाही हे सगळ्यांना ठाऊक. मग कोण मोजेल? सरांची अडचण मला कळते, सिलॅबस संपवायचा असतो. पण गॅरेजमध्ये भंगारात पडलेल्या पाच-सहा डिस्क आणायला कितीसा खर्च येतो? प्रत्येक बॅचला वेगळी डिस्क द्या आणि ओरलला विचारा, ही गाडी हलेल का? कॉपी करायला सीनियरची फाईल उपयोगी पडणार नाही, कारण डिस्क वेगळी. मार्क कमी पडतील, पडू देत.

काकांची एक जुनी डिस्क मी गोणपाटात गुंडाळून हॉस्टेलवर आणली आहे. सध्या रूमपार्टनर तिच्यावर गरम इस्त्री ठेवतो. लॅबला हवी असल्यास कधीही घेऊन जावी; रीडिंग मी सांगणार नाही.