निळ्या गुलाबाच्या बिया आणि आपण शहाणे

आमच्या ऑफिसात सध्या एक नवं फॅड आलंय. ऑनलाइन बिया मागवायच्या. आणि कसल्या, तर निळ्या गुलाबाच्या! फोटोत फूल असं निळंशार, की शाईवाल्यानेही मान खाली घालावी. उगवत काहीच नाही, किंवा उगवलं तर कसलंतरी तण. मग हेच लोक चेहरा पाडून सांगतात, "माझ्या हाताला झाडंच लागत नाहीत." मला खरा राग येतो तो या वाक्याचा. अरे, हाताचा काय दोष?

गुलाबात डेल्फिनिडिन हे निळं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सन्टोरीने दुसऱ्या फुलाचं जनुक घालून २००९ साली 'निळा' गुलाब बाजारात आणला, तोसुद्धा फिकट जांभळाच. शिवाय संकरित गुलाब बियांपासून आईसारखा येत नाही. नर्सरीवाले डोळा भरत बसतात, ते काय हौस म्हणून?

लव्हेंडरची तीच कथा. त्याचं बी आधी काही आठवडे थंडीत ठेवलं तर बरं रुजतं, आणि आपल्या पावसाळ्यातल्या चिंब कुंडीत त्याची मुळं कुजतात. पाकिटावर हे छापलं तर विकत कोण घेणार!

असो. निळंच फूल हवंय ना? मग गोकर्ण लावा की! तिच्या निळाईमागे तेच डेल्फिनिडिन आहे, आणि वेल वर्षानुवर्षं टिकतो. बीचं कवच टणक असतं, म्हणून पॉलिश पेपरवर एका बाजूने जरा घासायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं आणि सकाळी मातीत बोटाच्या पेराएवढं खोल खोचायचं. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत कोंब येतो. ऊन भरपूर असेल तर दोनेक महिन्यांत फुलं. (आमचा एकही रिलीज इतक्या वेळात झालेला नाही, ते सोडा.)

"पण ते फूल तर कुठेही दिसतं!" हा यावरचा ठरलेला आक्षेप. कुठेही दिसतं, कारण ते इथे जगतं. सदाफुली, गुलबक्षी यांचंही तेच. गुलबक्षी तर वरून वाळली तरी खालच्या कंदातून परत फुटते. पण फुकट मिळणाऱ्या बीला आपल्याकडे किंमत नाही, त्याला काय करणार?

तेव्हा कार्टमधलं ते पाकीट आधी काढून टाका. शेजारच्या सोसायटीच्या कुंपणावर गोकर्ण असेलच. वाळून खडखडीत झालेली एक शेंग मागून घ्या. सात-आठ बिया निघतील, एका गॅलरीला भरपूर झाल्या.