औषधवैद्यकाचे शिक्षण : तपासायचे ते काय?

धाराशिव येथे २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, शंभर विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची सोय झाली आणि मोठ्या दुखण्यासाठी सोलापूर-लातूरच्या वाऱ्या करण्यात ज्याच्या पिढ्या गेल्या त्या जिल्ह्याला हायसे वाटले. ते स्वाभाविकच होते. परंतु अशा महाविद्यालयांविषयी जी चर्चा होते ती जागा, इमारत, खाटा आणि निधी यांच्यापलीकडे सहसा जात नाही. तेथे मिळणारे शिक्षण कोणत्या प्रतीचे आहे, हे कशावरून ओळखावयाचे? पदवीच्या बाबतीत हा प्रश्न अवघड आहे, पदव्युत्तर शिक्षणाच्या बाबतीत त्याहून अवघड. आणि ज्या शाखेचा डॉक्टर रुग्णाच्या दृष्टीस कधी पडतही नाही, त्या औषधवैद्यकाच्या बाबतीत तर तो कोणी विचारीतच नाही.

फार्मास्युटिकल मेडिसिन या नावाने जगात ओळखली जाणारी ही शाखा म्हणजे औषध बनविण्याची विद्या नव्हे. नवे औषध माणसावर कसे पारखावे, त्याच्या गुणदोषांचा पुरावा कसा तोलावा, ते बाजारात आल्यावर त्यापासून कोणाला अपाय होत असल्यास तो वेळीच कसा हेरावा, हे तिचे विषय होत. ब्रिटनमध्ये तिच्यासाठी १९८९ साली स्वतंत्र फॅकल्टी स्थापन झाली आणि २००२ साली तिला वैद्यकातील वेगळी विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे हे काम बव्हंशी औषधशास्त्रात एम.डी. झालेल्या डॉक्टरांच्या शिरावर आहे, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी संलग्न सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोजक्याच संस्थांत त्यापुढचे शिक्षण मिळते.

असा डॉक्टर नसला, किंवा असूनही कच्चा असला, तर काय होते? महाराष्ट्राला हे १९८६ सालीच कळून चुकले आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचार म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत साऱ्या यंत्रणेची लक्तरे वेशीवर टांगली. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांतील अनेकांना नागपूरला आणण्यात आले आणि वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली. विष तेच. तमिळनाडूच्या तपासणीत त्या औषधात ते ४८.६ टक्के आढळले, मर्यादा ०.१ टक्का आहे. पहिली मुले सप्टेंबरच्या आरंभी गेली आणि मध्य प्रदेशात औषधावर बंदी आली ती ४ ऑक्टोबरला. त्या चार आठवड्यांत, वेगवेगळ्या घरांतील मुले एकाच बाटलीने आजारी पडत आहेत, हे तालुक्याच्या गावी ताडणारा आणि ताडल्यावर कोठे कळवावयाचे हे पक्के ठाऊक असलेला माणूस हवा होता. औषधवैद्यकाच्या शिक्षणाचा कस लागतो तो येथे.

आता हे शिक्षण तपासले कसे जाते ते पाहावे. शिक्षक मंडळींना तपासणीचा दिवस समजावून सांगण्याची गरज नाही. साहेब येणार म्हणून भिंतींना चुना लागतो, प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली सापडते, गैरहजर मुले हजर होतात आणि साहेबांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली की शाळा पूर्वपदावर येते. वैद्यकीय महाविद्यालयांची कथा फार निराळी नाही. केवळ तपासणीपुरते अवतरणारे प्राध्यापक ही इतकी जुनी व्याधी आहे, की तिच्यावर उतारा म्हणून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला आधारशी जोडलेली हजेरी आणावी लागली. २०२५ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने खासगी महाविद्यालयांच्या तपासणीतील कथित लाचखोरीबद्दल गुन्हा नोंदविला. त्यात काय सिद्ध होईल ते न्यायालय ठरवील; पण समजा, प्रत्येक प्राध्यापक दररोज वेळेवर हजर राहिला आणि प्रत्येक खाट जागेवर सापडली, तरी तीन वर्षांनी बाहेर पडणाऱ्या एम.डी.ला औषधाचा अपाय ओळखता येतो की नाही, हे त्यावरून कळणार आहे काय?

त्यातच औषधशास्त्राकडे स्वखुशीने वळणारे विद्यार्थी थोडे. २०२३ साली पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली, ती रिकाम्या जागा भरण्यासाठी. आणि रिकाम्या राहतात त्या मुख्यतः अशाच, रुग्णसेवेशी थेट संबंध नसलेल्या विषयांच्या. प्रवेशाच्या दारी गाळणी नाही म्हटल्यावर आतल्या शिक्षणाची आणि शेवटच्या परीक्षेची जबाबदारी दुप्पट होते. आणि पुढे याच मंडळींच्या मतांवर औषधांचे परवाने अवलंबून असतात. संसदेच्या स्थायी समितीने २०१२ साली केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेवर दिलेल्या अहवालात, नव्या औषधांची शिफारस करणारी तज्ज्ञांची काही पत्रे शब्दशः सारखी असल्याचे दाखवून दिले होते. निरनिराळ्या गावचे विद्वान एकच वाक्य एकाच स्वल्पविरामासह लिहू लागले, तर पत्रे कोणाच्या टेबलावर तयार झाली असावीत, असा संशय सामान्य माणसालाही येतो.

ब्रिटनमध्ये शेवटच्या एका परीक्षेवर सारे सोपविलेले नसते. चार वर्षांच्या प्रशिक्षणात उमेदवाराने प्रत्यक्ष केलेल्या कामाचा दरवर्षी आढावा घेतात आणि शिक्षण कसे मिळते हे खुद्द उमेदवारांनाही विचारतात. तिकडेही कागदांचा ढीग वाढल्याची कुरकुर आहेच. तरीही शिकणाऱ्याला विचारण्याची ती रीत आपण उचलावी अशी आहे. येथे विद्यार्थ्याला विचारतात ते बहुधा रॅगिंगविषयी. शोधनिबंधाच्या मार्गदर्शकाने वर्षभरात किती वेळा भेट दिली याविषयी नव्हे.

मात्र साऱ्याच गोष्टी बाहेरून आणाव्या लागतील असे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काम करावे, हा नियम आपल्याकडे झालेलाच आहे आणि औषधशास्त्राचा विद्यार्थी त्यातून सुटलेला नाही. बहुतेकांना तो वनवास वाटतो. वास्तविक औषधवैद्यक शिकण्यास उमरगा, कळंब किंवा तुळजापूर येथील सरकारी रुग्णालयाइतकी चांगली जागा मुंबईतही मिळणार नाही. सर्पदंशाची लस टोचल्यावर शेतमजुराच्या अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो. क्षयाच्या गोळ्यांनी कोणाचे यकृत बिघडते. ऊसतोडीहून परतलेली बाई तीन गावच्या तीन डॉक्टरांच्या गोळ्या एकाच पिशवीतून काढते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा नमुना छापील आहे, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात औषधदक्षता समिती असावी अशी अपेक्षाही आहे. उणीव आहे ती या दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या गुणांशी जोडण्याची.

येथे एक धोका उघड आहे. ‘प्रत्येकाने पन्नास नमुने भरावेत’ असे फर्मान निघाले, तर मार्चअखेर पन्नासच काय, एकावन्न नमुने भरलेले सापडतील. कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको. म्हणून संख्या मोजूच नये. बाहेरून आलेल्या परीक्षकाने विद्यार्थ्याच्या नोंदवहीतून आपल्या मनाने दोन नोंदी निवडाव्यात. बाटलीवरचा बॅच क्रमांक लिहिला आहे काय, औषध थांबविल्यावर त्रास थांबला की नाही याची चौकशी झाली काय, तो रुग्ण पुढे बरा झाला की दगावला, आणि हा दोष औषधाचाच असे विद्यार्थी कोणत्या आधारावर म्हणतो, एवढे विचारावे. खोट्या नोंदीला यांतल्या दुसऱ्या प्रश्नापर्यंतही टिकणे कठीण आहे. जी नोंद खरी ठरेल तिचे काय झाले, ती वर पोहोचली की कपाटात राहिली, हे मग विभागप्रमुखांना विचारावे, आणि त्यांचे उत्तर महाविद्यालयाच्या तपासणी अहवालात जावे. परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते आणि परीक्षकही तेच नेमते. एवढ्यासाठी नवा कायदा लागत नाही, दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या सत्राच्या परीक्षकांना पाठवावयाच्या सूचनापत्रात चार ओळी वाढवाव्या लागतील.