रोल संपू दे, मग तुझा

गेल्या पावसाळ्यात माळा आवरताना आम्हांला अण्णांचा कॅमेरा सापडला. याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. १९७३ साली निघालेले हे जपानी मॉडेल. अण्णा गोदीत कामाला होते. तिथल्या एका खलाशाकडून त्यांनी १९७६ मध्ये तो हप्त्याने पैसे फेडून घेतला. पुढे वीस वर्षे वस्तीतले मंगल परिणय, नामकरणे, शाळेची गॅदरिंग, सारे या एकाच कॅमेऱ्यावर. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल ते घालायचे. ती कंपनी आता बंद पडली, आणि अण्णाही २००१ साली गेले.

कॅमेरा पुसून आईपुढे ठेवला. आई आता ८३ वर्षांची आहे. हातात न घेताच म्हणाली, "अख्ख्या वस्तीला काढलं यांनी. मी म्हटलं की म्हणायचे, रोल संपू दे, मग तुझा. रोल संपायचा तो लोकांच्याच दारात."

आम्ही अल्बम काढून पाहिला. बोलणे खरे होते. आई आहे, पण पंगतीत वाढताना पाठमोरी, नाहीतर कुणाच्या तरी पोराला कडेवर घेऊन कडेला अर्धी कापलेली. तेव्हाच ठरवले, कॅमेरा चालू करायचा.

बॅटरीचे झाकण नाण्याने उघडले तर आत जुनी बॅटरी फुगून हिरवी पडलेली. ही पाऱ्याची असे, ५.६ व्होल्टची. पाऱ्यामुळे ती बंद झाली, आता मिळत नाही. कुणाच्या घरी निघाली तर पोरांच्या हाती देऊ नका, केरातही टाकू नका. हिरवा थर आम्ही कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून काढला. तिच्या जागी ६ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी चालते. वीजदाबातला किरकोळ फरक हा कॅमेरा सोसून घेतो. ती आकाराने लहान, म्हणून भोवती कागदाची सुरळी आणि खाली एक स्प्रिंग घालावी लागली.

मागचे दार उघडले तर खाचेतला स्पंज डांबरासारखा वितळलेला. उजेड आत शिरू नये म्हणून तो बसवलेला असतो. दात कोरायच्या काडीने आणि स्पिरिटने तो खरवडण्यात दोन रविवार गेले. खाचेत भरायला काही मिळेना, तेव्हा आमच्या सौ.नी स्वेटरची काळी लोकर काढून दिली. ती अशी बसली की मूळ स्पंजही इतका बसला नसेल.

एवढे करूनही घोडे अडलेच. हा कॅमेरा अर्धा स्वयंचलित आहे. भिंगाचे तोंड किती उघडायचे ते आपण ठरवायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते तो उजेड पाहून स्वतः ठरवतो. आमचा मात्र भर दुपारी आणि रात्रीच्या ट्यूबलाइटखाली सारखाच खट् करून मिटे. बोरा बाजारातल्या एका वयस्क कारागिरांकडे नेला. त्यांनी कानाशी धरून चावी ओढली आणि म्हणाले, "शेवटी टक् वाजत नाही. आतलं रबर गेलं." या कॅमेऱ्यात एका दांडीखाली रबराचा इवलासा तुकडा असतो. तो झिजला की दांडी जागेवर येत नाही, विजेचे संपर्क जुळत नाहीत, आणि शटर एक-पाचशेांश सेकंदावरच अडकते. नवा तुकडा बसला, टक् वाजले. मग रात्री घरी तोंड बारीक करून दाबले तर शटर काही सेकंद उघडे राहिले. आम्ही श्वास रोखून मोजत होतो.

आता रोल. पहिला भरला, घाईने आईचेच चार फोटो घेतले. धुऊन आला तो कोरा पारदर्शक! रोलचे टोक चाकात अडकलेच नव्हते. चावी ओढताना रोल गुंडाळायची डावीकडची गोल मूठ फिरायला हवी, एवढे अण्णांनी शंभरदा सांगितले होते. आईने काहीच म्हटले नाही, तेच जास्त लागले.

दुसरा रोल शहाण्यासारखा वापरला. या जातीच्या कॅमेऱ्यात खिडकीतून दिसते ते भिंगातून दिसत नाही. खिडकीत मधोमध पिवळसर ठिपका असतो, त्यात वस्तू दुहेरी दिसते. भिंगाची कडी फिरवून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की अंतर जुळले असे समजायचे. भिंगावर टोपण राहिले तरी खिडकीत सारे लख्ख. (अण्णांचा एक साखरपुडा असाच काळा गेला होता. ते घर पुढे वर्षभर बोलत नव्हते.) म्हणून खिडकीवर विश्वास न ठेवता वर्तमानपत्राचे पान टेबलावर तिरपे पसरले, मधल्या एका ओळीखाली पेनाने रेघ मारली, भिंगाचे तोंड पूर्ण उघडून मीटरभरावरून त्याच ओळीवर अंतर जुळवले. छापून पाहतो तर रेघेची ओळ पुसट आणि तिच्या मागच्या चौथ्या ओळीतला शब्द न् शब्द वाचता येतोय. कडेला उजेडाचा डाग मात्र कुठेच नव्हता. लोकर जिंकली.

पुन्हा बोरा बाजार. कारागिरांनी वरचे झाकण काढून एक स्क्रू केसभर फिरवला. तिसऱ्या रोलवर तीच परीक्षा घेतली, मग गल्ली, पिंपळ, शेजारचा रिक्षावाला. आई दारात बसून मोजत असावी.

"किती राहिले?"

"सहा."

आत जाऊन ती निळी साडी नेसून आली. खुर्ची नको म्हणाली, उंबऱ्याशी उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. आम्ही तिच्या चष्म्याच्या काडीवर अंतर जुळवले आणि सहाही घेतले.

फोटो आले ते तिने चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिले. डोळ्यांची पापणी न् पापणी मोजता येत होती. तिने बोटाने साडीवर टेकवले.

"ही राखाडी का आली? पुढचा रोल रंगीत आण."