उपकरणी आणि खरकटी भांडी

सकाळी घासलेली भांडी दुपारी पुन्हा मोरीत येऊन पडतात. काल झाडलेली ओसरी आज पुन्हा धुळीने भरते. इतर कामांना शेवट असतो. ग्रंथ लिहून होतो, घर बांधून होते, खटल्याचाही एक दिवस निकाल लागतो. स्वयंपाकघरातील काम मात्र संपत नाही, कारण भूक संपत नाही. म्हणूनच, ‘यात आयुष्य गेले, हाती काय आले?’ असे घरातील एखादी वडीलधारी स्त्री विचारते, तेव्हा ऐकणाऱ्यास उत्तर सुचत नाही. या प्रश्नाचा ख्रिस्ती साधकांनी केलेला विचार आपल्याही घरांत मनन करण्याजोगा असल्यामुळे या महिन्यात तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

सध्याच्या फ्रान्समधील लोरेन प्रांतात १६१४ च्या सुमारास निकोला हर्मन नावाचा मनुष्य जन्मला. तारुण्यात त्याने शिपाईगिरी केली. युद्धात जखमी झाल्यावर ती सोडली. पुढे एका घरी हुजऱ्याचे काम केले, पण आपल्या हातून सर्व वस्तू फुटत, असे तोच सांगे. १६४० मध्ये तो पॅरिस येथील कार्मेली मठात दाखल झाला व ब्रदर लॉरेन्स या नावाने ओळखला जाऊ लागला. पुरोहितपद त्याच्या वाट्यास आले नाही. आली ती मठाची चूल. या कामाचा त्याला स्वभावतःच तिटकारा होता, तरी सुमारे पंधरा वर्षे त्याने ते केले.

त्याचे म्हणणे साधे होते. प्रार्थनेची वेळ निराळी आणि कामाची निराळी, असा भेद त्याला मान्य नव्हता. कढईतील अंड्याची पोळी उलथावयाची तीही देवाच्या प्रीतीस्तव, आणि जमिनीवर पडलेली काडी उचलावयाची तीही त्याच प्रीतीस्तव. मन भरकटले तर त्रागा न करता ते पुन्हा ठिकाणावर आणावे, एवढीच त्याची साधना. १६९१ मध्ये तो वारला. त्याच्याशी झालेली संभाषणे व त्याची पत्रे त्यानंतर प्रसिद्ध झाली, आणि आजही ती जगभर वाचली जातात. माळ ओढताना तेच नाम पुन्हा येते म्हणून आपण जप व्यर्थ मानीत नाही. लॉरेन्सच्या हातात माळेऐवजी पळी होती, इतकेच. येशूच्या चरित्रातही हेच दिसते. वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षी त्याने उपदेशास आरंभ केला. त्यापूर्वीचा बहुतेक काळ नासरेथ गावी सुतारकीत गेला, आणि त्या वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. ज्यांची कोठे नोंद होत नाही असे दिवसही देवाला परके नाहीत, असा अर्थ ख्रिस्ती मन त्या मौनातून घेते.

येथपर्यंतचा विचार गोड आहे. परंतु त्यात एक धोका आहे. लॉरेन्सने मठ आपखुशीने पत्करला होता. आपल्या घरातील सुनेला चूल हवी का, असे कोणी विचारले होते? झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र चाळणाऱ्याने मोरीशी बसलेलीला ‘काम हीच पूजा’ असे सांगितले, तर ते अध्यात्म नव्हे. ती वेठीला लावलेली गंधाची टिकली होय.

हा धोका संत बेनेडिक्टने सहाव्या शतकातच ओळखला असावा. इटलीत त्याने मठवासीयांसाठी जे नियम लिहिले, त्यांत मठाची सर्व भांडी व सामान वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावे, असे कोठाराच्या व्यवस्थापकास बजावले आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, देवघरातील उपकरणी आणि मोरीतील खरकटी भांडी यांत आदराचा फरक करू नये. पण बेनेडिक्ट एवढ्यावर थांबला नाही. स्वयंपाकघरातील सेवा सर्वांनी आठवड्याच्या पाळीने करावी. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडून कोणासही त्यातून सूट नाही. अशक्तांस मदतनीस द्यावा. शनिवारी पाळी संपविणाऱ्याने हातपाय पुसण्याची फडकी धुवावी, आणि त्याने व नव्या पाळीच्या मनुष्याने मिळून सर्वांचे पाय धुवावे, असे त्याने ठरवून दिले. पावित्र्य सांगितले, आणि पाठोपाठ पाळीही लावून दिली!

पाय धुण्याचा हा विधी शेवटच्या भोजनाच्या रात्रीचे स्मरण करून देतो. त्या रात्री गुरूने कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. पेत्राने संकोचाने नको म्हटले, तरी ऐकले नाही. आपल्याकडे जनाबाईबरोबर विठ्ठल जात्याशी बसला, असे परंपरा सांगते. दोन्ही कथांचे धर्म निराळे आणि तत्त्वज्ञानही निराळे. परंतु दोहोंत थोराने हलके काम थोर म्हणून केवळ वाखाणले नाही, ते हातात घेतले.

तेव्हा ‘हाती काय आले?’ या प्रश्नाला प्रवचनाने उत्तर देऊ नये. पूर्वी गरीब विद्यार्थी घरोघरी वार लावून जेवत. आता घरातील जेवणाऱ्यांनीच भांड्यांचे वार लावून घ्यावेत. वडीलधाऱ्या स्त्रीच्या हातून काथ्या आणि राख, किंवा हल्लीची साबणाची वडी, आपण घेतली, तर त्या कामात देव आहे की नाही याचा निर्णय आपल्याला ऐकीव राहणार नाही. तो मोरीशी बसून करता येईल.