आतषबाजीचे छायाचित्र आणि चौकटीबाहेरचा धूर

दिवाळी सरताच फटाक्यांवरील वाद दरवर्षी नव्याने पेटतो आणि दोन्ही बाजू छायाचित्रांचा दाखला देतात. मात्र, रात्रीच्या आतषबाजीचे छायाचित्र पुरावा म्हणून कितपत ग्राह्य मानावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मुळात हे छायाचित्र एका क्षणाचे नसते. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवून, आयएसओ १०० च्या आसपास आणि अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ राखून शटर दोन ते चार सेकंद उघडे ठेवले जाते. डोळ्यांना सरकताना दिसणाऱ्या ठिणगीची कॅमेऱ्यात अखंड रेषा होते. शटर अधिक वेळ उघडे राहिल्यास एकामागून एक उडालेले बाण एकाच वेळी फुटल्यासारखे भासतात. शिवाय वारा पाठीशी घ्यावा आणि धूर साचण्यापूर्वी, पहिल्या काही मिनिटांतच छायाचित्रे टिपावीत, हा या कलेतील प्राथमिक धडा. साहजिकच, छापून येणारे आकाश बहुधा स्वच्छ असते. नंतरचा धूर चौकटीबाहेर राहतो.

उपग्रहचित्रांच्या बाबतीतही अशीच फसगत झाली. 'दिवाळीच्या रात्रीचा भारत' म्हणून वर्षानुवर्षे फिरणारे रंगीत चित्र वास्तविक अमेरिकेतील 'नोआ' संस्थेचे शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये लोकसंख्यावाढ दर्शविण्यासाठी तयार केले होते. त्यातील निळा, हिरवा व लाल रंग अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मधील दिव्यांचे आहेत. 'नासा'ने १२ नोव्हेंबर २०१२ रोजी टिपलेले खरे चित्र प्रसिद्ध करून, दिवाळीचा जादा प्रकाश अंतराळातून बहुधा जाणवतही नाही, असे स्पष्ट केले.

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिवाळीतील फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. हिरवी ठिणगी प्रामुख्याने ज्यांच्यामुळे उमटते, त्या बेरियमच्या क्षारांनाही मनाई केली. नागपूरच्या 'नीरी'ने विकसित केलेल्या हरित फटाक्यांमुळे सूक्ष्म कणांचे उत्सर्जन सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे सांगितले जाते. म्हणजेच उरलेला धूर कायम राहतो. त्याचे मोजमाप छायाचित्रातून होत नाही, हवेतील पीएम २.५ च्या नोंदींतूनच होते.

यात छायाचित्रकाराचा दोष नाही. सौंदर्य टिपणे हे त्याचे कामच आहे. जबाबदारी आहे ती छापणाऱ्यांची. आतषबाजीच्या छायाचित्राखाली ते टिपल्याची वेळ आणि त्याच परिसरातील दुसऱ्या पहाटेची पीएम २.५ ची नोंद दिली, तरी वादाला वस्तुस्थितीचा आधार मिळेल. तोवर पानभर झळकणारे छायाचित्र हे त्या रात्रीचे अर्धेच वृत्त ठरेल.