मालकी बदलली, कोयता बाहेरच राहिला



भांडवलशाही सुधारावी की मोडीत काढून दुसरे काही उभारावे, या वादात रशिया आणि स्वीडनचे दाखले हटकून दिले जातात. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या लोणीचे नाव मात्र कोणी घेत नाही. खरे तर मालकीचा ढाचाच बदलण्याचा प्रयोग महाराष्ट्राने तिथे करून पाहिला आहे.

कारखाना येण्याआधी प्रवरेच्या कालव्यावरचा ऊस उत्पादक गुळाच्या भावावर आणि सावकाराच्या मर्जीवर जगत होता. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून सहकारी साखर कारखान्यासाठी भागभांडवल गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० च्या सुमारास या प्रवरा कारखान्याचे गाळप सुरू झाले. एका सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. भांडवलाच्या हातून हुकूम काढून माणसाच्या हाती देणारा हा नियम होता. त्यातून शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले. शेतकऱ्यांना कारखाना चालवता येणार नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर नव्हते.

पण सभासद कोण? ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा नाही.

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती हंगामभर फेडायची. फडाशेजारी पाचटाच्या खोपीत संसार, पहाटेच्या अंधारात तोड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन वाहन भरायचे. वाहन रात्री आले तर रात्री. एक दिवस अंग टाकले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा पडू नये म्हणून पोटातला अवयव काढून टाकावासा वाटतो, तिथे कारखाना सहकारी आहे की खासगी, याने त्या बाईला काय फरक पडतो? करार मुकादमाशी, त्यामुळे हे आमचे कामगारच नव्हेत, असे दोन्हीकडचे कारखाने सांगतात.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. स्पेनमधल्या बास्क प्रांतातली मोन्द्रागोन ही १९५६ पासूनची कामगार-मालकीची चळवळ. तिच्यातली फागोर ही घरगुती उपकरणांची संस्था २०१३ मध्ये बुडाली, तेव्हा तिच्या अनेक सभासदांना भगिनी संस्थांनी सामावून घेतले. खासगी कंपनीत असे सहसा घडत नाही. मात्र मोन्द्रागोनच्या परदेशातल्या कारखान्यांतले बहुसंख्य कामगार सभासद नाहीत. भोक तेच, जागा वेगळी.

कायद्याने भांडवलशाही सुधारता येते, हे सुधारणावाद्यांचे म्हणणेही अर्धेच पटते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत उसाचे पैसे न दिल्यास पंधरा टक्के व्याज लावले, आणि तरीही थकबाकीसाठी शेतकऱ्याला रस्त्यावर उतरावे लागते. कायदा हवाच, पण तो राबवून घेण्याची ताकद मताच्या हक्कातून येते. सहकार संपला, आता खासगीकरणच बरे, हा सूर त्याहून घातक आहे. कितीतरी सहकारी कारखाने कर्जात बुडाले आणि लिलावात खासगी हातांत गेले, ते कारभाऱ्यांवर कोणाचाच वचक उरला नाही म्हणून. सभासद यादी सोयीने वाढवली-घटवली जात होती आणि वार्षिक सभा दहा मिनिटांत 'मंजूर, मंजूर' म्हणत उरकत होती.

व्यवस्था बदलायचीच, पण अर्ध्यावर सोडून नव्हे. सलग काही हंगाम तोडणीला येणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला कारखान्याचे मतदार सभासद करावे, जोडप्याला एक नव्हे तर दोन मते द्यावीत. मजुरी मुकादमाच्या हातून नको, प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्यात जावी. तोडणी-वाहतूक समितीत त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत. सहकार खात्याला पुढच्या गाळप हंगामाआधी एखाद्या कारखान्यात हे सुरू करून पाहता येईल.

– एक वाचक